वाचकांचे प्रश्न : ग्राफिक एलसीडीवर मजकूर फिरवताना

छोट्या स्क्रीनवर मजकूर उभा, उलटा किंवा तिरपा लिहिण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कंट्रोलर म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके चालवणारी चिप. उत्तरांतले बाइट आणि कमांड दशमान आकड्यांत दिल्या आहेत. मोजणी सगळीकडे शून्यापासून आहे. ‘उजवीकडे वळवणे’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश.

प्रश्न : केएस०१०८ कंट्रोलरची १२८×६४ एलसीडी अरुंद पेटीत उभी बसवायची आहे. नेहमीचा ५×७ फॉन्ट त्यावर सरळ वाचता येईल असा कसा लिहावा? कंट्रोलरला तशी काही कमांड आहे का?

कमांड नाही. केएस०१०८ ला चालू-बंद, पेज, कॉलम आणि सुरुवातीची ओळ एवढेच कळते. फिरवण्याचे काम तुमच्या प्रोग्रॅमला करावे लागेल, आणि त्यासाठी बाइटमधले बिट काचेवर कसे उभे राहतात हे आधी पक्के हवे.

या स्क्रीनच्या ६४ आडव्या ओळी ८ पेजमध्ये विभागलेल्या आहेत. एका पेजची उंची ८ ठिपके. एक बाइट लिहिला की ८ ठिपके एकाखाली एक उमटतात, शून्य क्रमांकाचा बिट सर्वांत वर. ५×७ फॉन्टही याच सोयीने साठवलेला असतो : अक्षराचे डावीकडून उजवीकडे पाच कॉलम, प्रत्येकाचा एक बाइट. म्हणून सरळ लिहिताना पाच बाइट जसेच्या तसे पाठवले की काम होते. अक्षर वळले की त्याच्या ओळींचे कॉलम आणि कॉलमच्या ओळी होतात, त्यामुळे बिट नव्याने जुळवावे लागतात.

इंग्रजी ‘एफ’ घ्या. त्याचे बाइट १२७, ९, ९, ९, १. पहिला बाइट म्हणजे उभा दांडा. पुढच्या तिघांत वरची आणि मधली आडवी रेघ आहे, शेवटच्यात फक्त वरच्या रेघेचे टोक. हे अक्षर उजवीकडे वळवले की आठ बाइट होतात : ०, १, १, १, १५, १, १, ३१. कागदावर चौकटी आखून हे एकदा भरून पाहा. दांडा वर आडवा झालेला दिसेल आणि दोन्ही रेघा खाली लोंबताना दिसतील, लांब रेघ उजव्या टोकाला. सूत्र असे : मूळ अक्षरातला क कॉलम आणि र ओळ यांवरचा ठिपका नव्या अक्षरात ७ वजा र या कॉलमवर आणि क या ओळीवर जातो.

प्रोग्रॅममध्ये हे करताना ‘एक डावीकडे इतके घर सरकव’ असे लिहू नका. एव्हीआरसारख्या ८ बिटच्या मायक्रोकंट्रोलरला एका दमात अनेक घरे सरकवता येत नाहीत. तिथे प्रत्येक वेळी छोटे लूप फिरते आणि मजकूर डोळ्यांदेखत रेंगाळत उमटतो. त्याऐवजी पाच बाइटची प्रत घ्या. नवा कॉलम ७ पासून ० पर्यंत उतरत जा. प्रत्येक वेळी रिकाम्या बाइटपासून सुरू करा. मूळ बाइट ४, ३, २, १, ० या क्रमाने घ्या, नवा बाइट डावीकडे एक घर सरकवा, मूळ बाइटचा सर्वांत खालचा बिट त्यात भरा आणि मूळ बाइट उजवीकडे एक घर सरकवा. आठ फेऱ्यांत अक्षर तयार.

आमचे मत विचाराल तर मजकूर कायम एकाच दिशेने राहणार असेल तर हेही चिपवर करू नका. संगणकावर फॉन्टचा तक्ता एकदाच वळवून घ्या आणि तोच फ्लॅशमध्ये (चिपच्या कायमच्या मेमरीत) ठेवा. छापता येणारी ९५ अक्षरे पाच-पाच बाइटनी ४७५ बाइट घेतात, वळवलेली आठ-आठनी ७६०. जास्तीचे २८५ बाइट फ्लॅशला जड नाहीत.

आता जागा. स्क्रीन डावीकडे वळवून उभी केली की वाचणाऱ्याची पहिली ओळ मूळ स्क्रीनच्या उजव्या कडेला येते. न क्रमांकाच्या ओळीतले क क्रमांकाचे अक्षर क या पेजवर, १२० वजा ८न या कॉलमपासून सुरू होते. पेजची कमांड १८४ अधिक पेज, कॉलमची ६४ अधिक त्या चिपमधला कॉलम (० ते ६३). १२८ कॉलम दोन चिपमध्ये निम्मे-निम्मे असतात, त्यामुळे ओळी ० ते ७ पूर्णपणे उजव्या चिपमध्ये पडतात आणि ८ ते १५ डाव्या चिपमध्ये. ८ ठिपक्यांची ओळ दोन चिपच्या सीमेवर कधीच येत नाही. १२ ठिपके उंचीचा फॉन्ट घेतलात तर एक ओळ सीमेवर बसेल आणि चिप निवडण्याची तार ओळीच्या मधेच बदलावी लागेल.

प्रश्न : वरच्यासारखेच केले, पण एका ओळीत आठच अक्षरे मावतात आणि ती दूर दूर दिसतात. सरळ स्क्रीनवर अक्षरे सहा ठिपक्यांवर बसतात, इथे का नाही? मायक्रोकंट्रोलरमध्ये एकूण रॅमच १०२४ बाइट आहे.

उभ्या मजकुरात अक्षर पेजच्या दिशेने पुढे सरकते, आणि पेज आठाच्या पटीतच निवडता येते. अक्षरागणिक एक पेज दिले की ६४ भागिले ८, म्हणजे आठ अक्षरे. पाच ठिपक्यांच्या अक्षराला आठांची जागा, म्हणून ती विरळ दिसतात. सहा ठिपक्यांवर बसवलीत तर दहा मावतील, पण मग काही अक्षरे दोन पेजवर फाटतात. पहिले अक्षर पेजच्या माथ्यापासून, दुसरे ६ ठिपके खाली, तिसरे दुसऱ्या पेजच्या ४ ठिपके खाली, चौथे तिसऱ्या पेजच्या २ ठिपके. यांतले दुसरे आणि तिसरे फाटते, पहिले आणि चौथे फाटत नाही, आणि पाचव्यापासून हाच क्रम पुन्हा.

पूर्ण स्क्रीनची प्रत रॅममध्ये ठेवायची तर १०२४ बाइट लागतात, म्हणजे तुमची सगळी रॅम संपली. तिची गरजही नाही. उभ्या मजकुराची एक ओळ म्हणजे ८ कॉलम गुणिले ८ पेज, अवघे ६४ बाइट. तेवढाच बफर ठेवा, शून्य करा आणि ओळीतली दहाही अक्षरे त्यात भरा. भरताना वळवलेला बाइट १६ बिटच्या संख्येत घ्या, सहा गुणिले अक्षर क्रमांक याला आठाने भागून उरलेल्या बाकीइतका डावीकडे सरकवा. खालचा अर्धा भाग त्या पेजच्या बाइटमध्ये आणि वरचा अर्धा पुढच्या पेजच्या बाइटमध्ये ‘ऑर’ने मिसळा. दहावे अक्षर पेज ६ आणि ७ वर फाटते, त्यामुळे बफरबाहेरच्या बाइटला धक्का लागत नाही. मग आठही पेजवर प्रत्येकी दोन कमांड आणि आठ बाइट पाठवा : एका ओळीला ८० वेळा लिहिणे. स्क्रीनवरून काहीही वाचावे लागत नाही.

वाचण्याची वेळ येते ती मजकुराच्या मागे आलेख किंवा चौकट असेल आणि ती टिकवायची असेल तेव्हा. तिथे केएस०१०८ ची एक खोड सांभाळा. कॉलम ठरवल्यानंतरचे पहिले वाचन टाकाऊ असते, खरा बाइट दुसऱ्या वाचनात मिळतो. शिवाय वाचल्यावर कॉलम आपोआप पुढे सरकतो, म्हणून लिहिण्यापूर्वी तो पुन्हा ठरवा. चित्र एका ठिपक्याने बाजूला सरकत असेल तर चूक बहुधा इथेच असते.

पीसीडी८५४४ ची ८४×४८ स्क्रीन वापरणाऱ्यांनाही हीच पद्धत चालते, तिथे ओळीचा बफर ४८ बाइटचा आणि ओळीत अक्षरे आठ. हा कंट्रोलर तर सिरियल जोडणीत वाचूच देत नाही, म्हणून मागचे चित्र टिकवायचे असल्यास पूर्ण ५०४ बाइटची प्रत ठेवण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : क्ष आणि य यांची अदलाबदल केली. अक्षरे वळली खरी, पण आरशात पाहावी तशी दिसतात.

नुसती अदलाबदल म्हणजे तिरप्या रेषेभोवतीचे प्रतिबिंब, वळण नव्हे. अदलाबदलीनंतर एक दिशा उलटी करावी लागते. ६४×१२८ अशी उभी स्क्रीन धरून, उजवीकडे वळवताना काचेवरचा क्ष म्हणजे १२७ वजा तुमचा य, आणि काचेवरचा य म्हणजे तुमचा क्ष. डावीकडे वळवताना काचेवरचा क्ष म्हणजे तुमचा य, आणि काचेवरचा य म्हणजे ६३ वजा तुमचा क्ष. चाचणीला ‘एफ’ किंवा ‘आर’ घ्या. ‘एच’, ‘ओ’, ‘ए’ यांच्यावर प्रतिबिंबाची चूक दिसतच नाही.

प्रश्न : एसटी७५६५ ची स्क्रीन पॅनेलमध्ये डोके खाली करून बसवावी लागली. १८० अंश फिरवण्यासाठीही सगळे बिट उलटे करायचे का?

या कंट्रोलरला नाही. त्याला आडवी दिशा उलटवण्याची कमांड आहे, १६० किंवा १६१, आणि उभी दिशा उलटवण्याची, १९२ किंवा २००. सध्या ज्या चालू आहेत त्यांच्या जोडीदार पाठवा, दोन्ही एकदम. एकच बदललीत तर आरसा होईल. ९० अंश मात्र यातून कधीच मिळणार नाहीत. ओळींच्या तारा ओळींनाच जोडलेल्या असतात.

यानंतर हमखास दिसणारा दोष म्हणजे एका कडेला चार कॉलमची कचऱ्याची पट्टी आणि दुसऱ्या कडेला कापलेला मजकूर. एसटी७५६५ च्या आत १३२ कॉलमची मेमरी असते आणि काच १२८ ची. आडवी दिशा उलटली की जादा चार कॉलम दुसऱ्या बाजूला जातात. सुरुवातीचा कॉलम ० असेल तर ४ करा, ४ असेल तर ०.

एसएसडी१३०६ च्या ओलेड स्क्रीनला याच चार कमांड चालतात आणि तिथे १२८ च कॉलम असल्याने पट्टीची भानगड नाही. पण तिथे उभी दिशा कमांड मिळताच उलटते, आडवी दिशा मात्र त्यानंतर लिहिलेल्या बाइटनाच लागू होते. चालू स्क्रीन फिरवलीत तर पुन्हा लिहीपर्यंत जुना मजकूर आरशातला दिसेल. आधी स्क्रीन बंद करा, दोन्ही कमांड द्या, सगळे पुन्हा लिहा, मग चालू करा.

केएस०१०८ वर हे काम सॉफ्टवेअरनेच करायचे, पण पूर्ण बफर असेल तर ते अगदी सोपे आहे : शेवटच्या बाइटपासून पहिल्यापर्यंत उलट्या क्रमाने पाठवा आणि प्रत्येक बाइटचे बिट उलटे करा. त्यासाठी १६ नोंदींचा तक्ता पुरतो, चार-चार बिट उलटवून जागा बदलायची. ‘एफ’ मग १२८, १४४, १४४, १४४, २५४ असा जातो.

एक गोष्ट सॉफ्टवेअरच्या हातात नाही. साधी एलसीडी एका ठरावीक बाजूने पाहिली तरच गडद दिसते. माहितीपत्रकात ही दिशा घड्याळाच्या भाषेत दिलेली असते. ‘६ वाजता’ म्हणजे खालच्या बाजूने पाहण्यासाठी. ती स्क्रीन उलटी बसवली की १२ ची होते, उभी केली की ३ ची किंवा ९ ची. टेबलावर ठेवायच्या यंत्रात ६ ची स्क्रीन उलटी टाकली तर वाचताना ती चांगलीच फिकी पडते. कॉन्ट्रास्टचा पॉट फिरवून थोडे सावरते, पूर्ण नाही. उभी बसवायची असेल तर डावीकडे वळवायची की उजवीकडे हे वाचणारा कुठे उभा राहणार ते पाहून ठरवा. भोके पाडण्यापूर्वी ठरवा, एवढेच.

प्रश्न : एसटी७९२० च्या १२८×६४ स्क्रीनवर चिपमधली तयार अक्षरे वळवता येतात का? माझा ५×७ फॉन्ट ग्राफिक मोडमध्ये पाठवला तर सरळ लिहायचे असतानाही अक्षरे आपोआप आडवी पडतात!

तयार अक्षरे वळत नाहीत, ती विसरा. पण दुसरी ‘तक्रार’ फायद्याची आहे. या कंट्रोलरमध्ये बाइटचे आठ बिट आडवे मांडले जातात, सर्वांत वरच्या किमतीचा बिट डावीकडे. उभ्या कॉलमचा फॉन्ट तिथे एकाखाली एक ओळींत लिहिला की प्रत्येक अक्षर आपसूक उजवीकडे वळते. गणित करून पाहिलेत तर पहिल्या उत्तरातलेच सूत्र निघते. म्हणजे उभ्या स्क्रीनसाठी तुमचा फॉन्ट आहे तसाच वापरायचा, बिट फिरवण्याचे कष्ट शून्य. अक्षरे सहा ओळींच्या अंतरावर बसवायलाही अडचण नाही, कारण इथे उभ्या दिशेला पेज नाहीत.

उलट बाजूनेही हेच चालते : आडव्या ओळींत साठवलेला, मोठा बिट डावीकडे असलेला ८×८ फॉन्ट केएस०१०८ वर कॉलमसारखा पाठवला तर अक्षर फुकटात डावीकडे वळते. पुढचे अक्षर तेव्हा वरच्या पेजवर जाते, म्हणून ओळ पेज ७ पासून सुरू करा.

एसटी७९२० वर अडचणी वेगळ्या आहेत. एका पत्त्यावर १६ बिट, म्हणजे उभ्या मजकुराच्या शेजारच्या दोन ओळींचे बाइट एकत्र लिहावे लागतात. एकच ओळ बदलायची असली तरी जोडीची ओळ हाताशी हवी. स्क्रीनचा खालचा अर्धा भाग मेमरीत खाली नसून वरच्या भागाच्या उजवीकडे आहे : ठिपक्यांची ३२ वी ओळ म्हणजे शून्यावी ओळ, आडवा पत्ता आठाने वाढवून. सहाच्या अंतरावरचे सहावे अक्षर ३० ते ३५ या ओळींवर पडते, म्हणजे नेमके या सीमेवर. पत्ता प्रत्येक ओळीला नव्याने काढलात तर ते तुटणार नाही. शिवाय उभा पत्ता स्वतःहून पुढे जात नाही, त्यामुळे दर ओळीला दोन पत्ते आणि दोन बाइट, प्रत्येकी ७२ मायक्रोसेकंद. वरपासून खालपर्यंत एक पट्टी भरायला सुमारे १८ मिलिसेकंद लागतात. तेव्हा बदललेली पट्टीच लिहा. आणि सुरुवातीला ग्राफिक मेमरी स्वतः शून्यांनी भरा. स्क्रीन पुसण्याची नेहमीची कमांड फक्त अक्षरांची मेमरी पुसते.

प्रश्न : यू८जी२ या छोट्या स्क्रीनसाठीच्या तयार लायब्ररीत फॉन्टची दिशा ३ दिली की मजकूर गायब होतो. फक्त ‘जी’, ‘पी’ यांच्या शेपट्या दिसतात.

मजकुराचा संदर्भबिंदू अक्षराच्या तळरेषेच्या डाव्या टोकाला असतो आणि तो अक्षराबरोबर वळतो. दिशा ३ मध्ये अक्षराचा माथा डावीकडे असतो. क्ष ० दिलात की सगळी अक्षरे डाव्या कडेबाहेर जातात आणि तळरेषेखालच्या शेपट्याच आत राहतात. क्ष ला किमान फॉन्टच्या माथ्याच्या उंचीइतकी किंमत द्या, ती लायब्ररीकडूनच विचारून घेता येते. मजकूर खालून वर जातो, म्हणून य ६३ च्या जवळपास ठेवा.

सगळीच स्क्रीन उभी वापरायची असेल तर फॉन्टच्या दिशेच्या वाटेला जाऊ नका. स्क्रीन घोषित करताना आर० ऐवजी आर१ किंवा आर३ द्या, रेघा, चौकटी, चित्रे सगळे एकत्र वळते. फॉन्टची दिशा आलेखाच्या उभ्या अक्षावर नाव लिहिण्यासारख्या कामाला ठेवा.

रॅम वाचवण्यासाठी पेज पद्धत (चित्र एकेक पेज करून पुन्हा पुन्हा काढणे) वापरत असाल तर तापमान वगैरेचे वाचन चित्र काढण्याच्या लूपबाहेर घ्या. उभ्या मजकुराची ओळ आठही पेजवर पसरलेली असते. लूप चालू असताना आकडा १९९ वरून २०० झाला तर पहिला अंक जुना आणि बाकीचे नवे, म्हणजे स्क्रीनवर १००. असा आकडा पाहून सेन्सर बदलण्याची घाई करू नका.

प्रश्न : उभ्या स्क्रीनवर देवनागरी सूचना दाखवायच्या आहेत. काही मार्ग?

ठरलेल्या सूचना असतील तर चित्र करूनच दाखवा. छोट्या लायब्ऱ्या युनिकोडची चिन्हे एकामागून एक काढतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे, जोडाक्षर घडवणे त्यांना येत नाही. ‘स्थिती’चे तुकडे पडतात. ८ ठिपक्यांत देवनागरी बसतही नाही. शिरोरेघेवरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून किमान १६ हवेत.

संगणकावर शब्द हव्या त्या अंतिम आकारातच टंकित करा, कडा मऊ करणे बंद ठेवा, दोन रंगांचे चित्र करा, मग बरोबर ९० अंश वळवा आणि एक्सबीएम स्वरूपात साठवा. आधी वळवून नंतर लहान केलेत तर शिरोरेघ तुटते. एक्सबीएममध्ये लहान बिट डावीकडे असतो आणि प्रत्येक ओळ पूर्ण बाइटपर्यंत वाढवलेली असते. ५०×१६ चे चित्र सरळ ठेवले तर ११२ बाइट, वळवले तर १००. मात्र आर१ वापरून सगळी स्क्रीन वळवली असेल तर चित्र वळवू नका, ते दोनदा वळेल.

बदलत्या आकड्यांसाठी ० ते ९ ची दहा चित्रे आणि दशांश चिन्ह पुरे. अंकांना वेलांट्या नसतात.

प्रश्न : मजकूर ४५ अंशांत लिहिता येईल का?

येईल, पण ५×७ अक्षरे ओळखू येणार नाहीत. निदान १६ ठिपक्यांचा फॉन्ट घ्या. मूळ ठिपका उचलून नव्या जागी ठेवत गेलात तर गोलाकारीमुळे मधे भोके पडतात. त्यामुळे उलटे करा : स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका घ्या, तो मूळ अक्षरात कुठे होता ते काढा आणि तिथला रंग द्या. दशांश टाळण्यासाठी साइन आणि कोसाइन २५६ ने गुणून ठेवा : ४५ अंशांना दोन्ही १८१, ३० अंशांना १२८ आणि २२२. बेरीज झाल्यावर १२८ मिळवून आठ घरे उजवीकडे सरकवा. अंतरे स्क्रीनच्या कोपऱ्यातून मोजू नका. १२७ गुणिले २२२ अधिक ६३ गुणिले १२८ हे ३६,२५८ होतात आणि १६ बिटच्या चिन्हयुक्त संख्येत ३२,७६७ च्या पुढे जागा नाही. मजकुराच्या मध्यबिंदूपासून मोजलेत तर आकडे मर्यादेत राहतात.

नुसती तिरकी ओळच हवी असेल तर अक्षरे सरळच ठेवा आणि दर अक्षर आधीच्यापेक्षा तीन-चार ठिपके वर चढवा. वाचायला हे ४५ अंशांत फिरवलेल्या मजकुरापेक्षा केव्हाही बरे.